मिनिटाला साठ शब्द

ती. आईस,

हडपसरहून श्रद्धाचा नमस्कार. आम्ही बरे आहोत, ऋतुजाचा खोकलाही गेला. तू आधी हाताचं सांग. प्लास्टर कधी काढणार? अजून बादल्या उचलतेस का?

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले आणि विचारपूस आज, असं तू म्हणशील. दुसरीतल्या पोरांनी मिनिटाला साठ शब्द वाचावेत आणि आईने त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकावा, असं शाळेतल्या बाईंचं फर्मान आहे. तुझं पत्र नुकतंच आलं होतं, तेच ऋतुजाच्या हातात दिलं. तिने एका दमात बासष्ट शब्द वाचले. बाईंनी मोबाइलवरच गुच्छ पाठवला, मी शेजारणीलाही व्हिडिओ दाखवून आले. पत्र वाचून झालं म्हणून घडी घालून ठेवून दिलं.

काल उत्तर लिहायला बसले, तेव्हा तिला ते पुन्हा वाचायला लावलं. तू मला शिकवलंस तसं, अक्षराखाली बोट ठेवून. बोट ठेवलेलं बाईंना चालत नाही, वेग कमी होतो म्हणे.

तू अंगणात पडलीस, हे तिसऱ्याच ओळीत होतं. पहिल्या वेळी पोरगी ते नुसतं वाचून पुढे पळाली आणि मी, तुझी पोटची लेक, घड्याळ बघत बसले होते. त्या ग्रुपची शिसारी आली, त्याहून माझी.

काल मात्र तिचं बोट तिथेच थांबलं. "आजी पडली?" म्हणाली, आणि पुढे वाचेना.

शाळेत असं थांबलं की चूक धरतात.

हाताला जप.

तुझी,
श्रद्धा