चौथा भोंगा

१४ फेब्रुवारी २००६
शिंदेकाकांना आज घरी बसवलं. फौंड्री सुरू झाली तेव्हापासून ड्रॉइंग काढणारा माणूस. आमच्या नव्या पंपाचं ड्रॉइंग शिरोलीतल्याच दुसऱ्या फौंड्रीकडे निघालं. काका एका भोकाचं माप घालायला विसरले होते, तिथल्या कागदावरही नेमकं तेच माप नाही. म्हणजे आमच्याच कम्प्युटरवरून गेलंय. त्यात काकांचा जावई तिथेच कामाला. मग काय, मिळाला चोर! मालक सगळ्यांदेखत, "जावयाचं लाड आमच्या जिवावर व्हय?" काका डबा न उघडताच घेऊन गेले. मी खाली मान घालून टायपिंग. फार राग आला स्वतःचा.

१५ फेब्रु.
काकांकडे गेले होते. काकी दारातच, "आत ये न्हायतर जा. दारात उभारू नको." काका खाटेवर. "जोतिबाची आन, बाई, मी कागुद बी भाईर न्हेला न्हाय." मी म्हटलं, मी बघते. काय बघणार आहे कपाळ! चहा मात्र पिऊन आले.

१७ फेब्रु.
दोन ते पाच लोडशेडिंग. यूपीएसनेही मान टाकली. कम्प्युटर बंद, म्हणून तीनचा भोंगा झालाच नाही. जुना भोंगा जळाल्यापासून संतोषभावजींनी कम्प्युटरलाच वेळा लावून दिल्यात. सात, तीन, अकरा. आपोआप छपरावरच्या कर्ण्यातून वाजतो. (दीर कम्प्युटर दुरुस्तीत असल्याचा फायदा.) दुसऱ्या पाळीची माणसं गेटबाहेर गप्पा ठोकत. सुपरवायझर माझ्यावर ओरडला, जसं काय मीच तोंडाने वाजवते.

लाइट आल्यावर कम्प्युटर चालू केला. तर निरोप, की वेळ लावलेली काही कामं राहून गेली. एक राहिलं असणार म्हणून उघडलं. दोन होती. भोंगा-२. आणि भोंगा-४.

पाळ्या तीन. चौथा कुणासाठी?

वेळ रोज सव्वाचारची. तेव्हा आम्ही सगळे चहाला शेडमध्ये असतो. आजवर कधी वाजलेला ऐकला नाही.

१८ फेब्रु.
बाकी तिन्हींना आवाजाची फाइल जोडलेली. चौथ्याला नाही. तिथे दुसरीच एक बारकी फाइल, नोटपॅडमध्ये उघडली. चार-पाच ओळी. ड्रॉइंगचा फोल्डर उचलायचा, नेटवरून बाहेर पाठवायचा, मागे खूण ठेवायची नाही. दिवसाढवळ्या का, तेही कळलं. मालक जाताना नेट बंद करून जातात.

इतका आनंद झाला! काका सुटले. मालकांना हाक मारायला उठलेच होते, तेवढ्यात खालची ओळ दिसली. हे काम कुणाच्या नावाने चालतं, तर माझ्या. माझा पासवर्ड घातल्याशिवाय ते लागत नाही. तो दोघांना माहीत. मला, आणि ज्यांनी घालून दिला त्या भावजींना.

परत बसले. काय टाइप करत होते तेच आठवेना.

२० फेब्रु. सोमवार, सुट्टी
भावजींनी मटण आणलं. रविवारी त्यांचा साखरपुडा, घरात नुसती धांदल. सासूबाई तिसऱ्यांदा साड्या मांडून बसल्या. मी वाढताना विचारलं, "भावजी, भोंगे किती लावलेत तुम्ही?"
"तीनच की. का वो वहिनी?"
वर बघितलं नाही. रस्सा मागितला.

लग्नानंतर मी घरात कुढत होते तेव्हा भावजीच म्हणाले होते, "कम्प्युटर शिका की वहिनी, चुलीत काय ठेवलंय?" सगळे हसले, ते शिकवत राहिले. त्यांच्यामुळे नोकरी. आणि चोरी माझ्या नावाने! जीव जळतो. आमच्या यांना सांगावं, तर त्यांचा सख्खा भाऊ. गुपचूप पुसून टाकलं तर माझंही नाव जाईल, भावजीही सुटतील. काका मात्र कायमचे चोर.
आणि भावजी नसतील तर? मीच खोटी ठरले तर बरं होईल.

२२ फेब्रु.
पुसलं नाही. ती बारकी फाइल फ्लॉपीवर घेतली, आणि चौथ्या भोंग्याला खरा भोंगा जोडला. प्रिंटर अडकलाय सांगून भावजींना चारला बोलावलं. ते प्रिंटर उघडून बसले. बाकीचे चहाला. मी गेले नाही.

सव्वाचारला कर्णा असा बोंबलला की शेडमधली माणसं ग्लास घेऊनच बाहेर. सुपरवायझर मनगटाकडे बघतोय, मोल्डर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मालक केबिनमधून, "आता ह्यो कसला भोंगा?"

भावजींनी घड्याळाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होते.

"कुणी लावलाय?" मालकांनी परत विचारलं. मी म्हटलं, शुक्रवारी सांगते, शिंदेकाकांना बोलवा, त्यांच्यासमोरच सांगते. कुठून आलं हे बळ, मलाच ठाऊक नाही.

२३ फेब्रु.
सकाळी भावजी स्वयंपाकघरात आले. "वहिनी, रविवार तेवढा पार पडू द्या. मग मी स्वतः जाऊन सांगतो मालकांस्नी." डोळ्यांत पाणी होतं. खरं असेल. मला खरं वाटलं, हीच तर पंचाईत.

पण उद्या मी गप्प राहिले, तर स्क्रीनवर नाव माझंच आहे. आणि बोलले, तर रविवार नाही. सासूबाईंनी माझ्यासाठी हिरवी साडी काढून ठेवलीय. "तूच ओवाळायचीस," म्हणाल्या.

दुपारी काकींना फोन केला, काका उद्या येतील ना विचारायला.
"येतील की. सकाळधरनं दाढी करून बसल्यात," म्हणाल्या. "उद्या हाय म्हटलं, तरी."