फेसलेल्या मोहरीचं ड्रेसिंग

बाई, तुमच्या पाककृतींचं पुस्तक या महिनाअखेरीस निघतंय. तुमच्या सूनबाईंनी काल सकाळी फोनवर तसं सांगितलं. दुपारी मी छापखान्यात विचारलं, तर तिथल्या व्यवस्थापकांनीही तेच सांगितलं : मुखपृष्ठ छापून झालंय, आतली पानं लावून झालीत, फक्त प्रस्तावनेची दोन पानं कोरी आहेत. ती मी लिहायची आहेत. एकाच माणसाच्या शब्दावर विसंबायचं नाही ही सवय वर्तमानपत्रात तीस वर्षं काढल्यावर जात नाही, म्हणून दोन्हीकडं विचारलं. सूनबाई म्हणाल्या, "अहो ताई, सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, ती माझ्या हाताखाली तयार झालेली पोरगी. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी "बघते" म्हणाले. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांनी तुमच्या हाताखालून पुन्हा एकदा जायची वेळ आली, याची गंमत वाटली.

सूनबाईंनी सगळी पानं मोबाइलवर पाठवली. चौऱ्याऐंशीव्या पानावर ते आहे : 'देशी सॅलड ड्रेसिंग'. खाली तिरप्या अक्षरांत, 'माझा स्वतःचा प्रयोग'. वाचून मला राग आला नाही. रागाला समोरच्याबद्दल थोडा तरी आदर लागतो.

तुमचा वर्ग मला आजही जसाच्या तसा दिसतो. कॉलेजच्या जिन्याखालची ती खोली, तीन स्टोव्ह, एक ओटा, भिंतीवर परदेशी भाज्यांचा रंगीत तक्ता. तुम्ही कडक इस्त्रीच्या साडीवर झालरीचा एप्रन बांधून उभ्या आहात आणि आमच्यापुढं कोबीचा गड्डा आहे. "मुलींनो, याला लेट्यूस समजा." आम्ही समजलो. पुढं समजायची यादी वाढत गेली. आम्ही गोड्या तेलाला ऑलिव्ह ऑइल समजलो, स्टीलच्या वाटीला बाऊल समजलो आणि जिन्याखालच्या खोलीला मॉडर्न किचन समजलो. मग तुम्ही कपाटातून गोड घट्ट दुधाचा डबा काढायचात, जणू देव्हाऱ्यातली मूर्ती. सगळ्या वर्गाला मिळून एक डबा. त्यात व्हिनेगर, त्यात ओल धरलेल्या मोहरीच्या पिठाचा चमचा, आणि घोटा, मुलींनो, घोटा. मग तुम्ही चमचाभर जिभेवर ठेवून डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "कॉन्टिनेंटल!" एकदा माझ्या मागच्या बाकावरची हातकणंगल्याची पोरगी तुमच्या मागोमाग चाखून बोलली, "बासुंदी नासली वाटतं की हो बाई." अख्खा वर्ग खिदळला. तुम्ही तिला तासभर व्हरांड्यात उभं केलंत. तिच्याइतकं अचूक समीक्षण मी पुढं खाद्यपदार्थांवरच्या पुरवणीत इतकी वर्षं काम करूनही क्वचित छापलं.

आमच्या घरी, शहराबाहेरच्या गडमुडशिंगीत, हे सगळं निराळ्या रीतीनं व्हायचं आणि त्याला नाव नव्हतं. चार म्हशी होत्या. आई रात्रीचं दही फडक्यात बांधून खुंटीला टांगायची. सकाळी त्याचा चक्का व्हायचा. त्यात ती साय घालायची, मग मोहरी. तुमच्या पिठासारखी मेलेली मोहरी नव्हे. भिजवलेली मोहरी पाट्यावर घ्यायची, पाण्याचा हबका मारत वरवंट्याखाली फेसायची, रंग पिवळट होईस्तोवर, आणि वाटणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढीस्तोवर. "नाकात गेली म्हंजी झाली," एवढंच आईचं माप. मग लसणाची एक पाकळी, लिंबू, चिमूटभर साखर, आणि शेंगतेल थेंब थेंब सोडत घोटत राहायचं. तेल मोहरीच्या जोरावर त्या चक्क्यात असं मिळून जायचं की कुठं तेल आणि कुठं साय हे ओळखू येत नसे. आंबट, दाट, वर झणका. काकडी, गाजर, कांद्याची पात, काहीही त्यात बुडवायचं. तुम्ही वर्षभर आम्हाला जे समजायला लावत होता ते आमच्या स्वयंपाकघरात रोज खरोखरचं तयार होत होतं, हे मला कळायला परीक्षेची नोटीस यावी लागली. नोटिशीत तुम्हीच लिहिलं होतंत : 'आंबट व दाट सॅलड ड्रेसिंग घरून स्वतः तयार करून आणावे.'

मी आणलं. सिटी बसमधून, मांडीवर डबा घेऊन, मार्च संपत आलेला. बाहेरच्या परीक्षक बाई बसल्या होत्या, शेजारी तुम्ही. तुम्ही माझ्या वाटीत चमचा बुडवलात, वर उचललात, आणि त्यांच्याकडं वळून हसत म्हणालात, "ही कोशिंबीर झाली. यांच्याकडं लग्नात वाढतात ती." परीक्षक बाई हसल्या. पाहुण्या म्हणून आल्या होत्या, हसावं लागतं. मग तुम्ही हळू, पण मला ऐकू जाईल असं सांगितलंत, "आमच्या दूधवालीची मुलगी आहे." आई शहरात, राजारामपुरीत तीन-चार घरी दूध घालायची, त्यातलं एक घर तुमचं. मी नापास झाले. ऑक्टोबरात परत बसले, डब्यातलं दूध ओतलं, व्हिनेगर ओतलं, डोळे मिटून "कॉन्टिनेंटल" म्हणाले आणि पास झाले.

पण त्या दोन परीक्षांच्या मधली गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण ती मला ठाऊक आहे हे तुम्हाला कधी कळलं नसावं. नापास होऊन आठवडा झाला होता. आईच्या हाताला चमक भरली होती म्हणून दुसरी किटली घेऊन मी तिच्याबरोबर आले होते. तुमच्या मागच्या दाराशी, कडीपत्त्याच्या झाडाआड मी थांबले. तुमचं तोंड बघायची इच्छा नव्हती. आई दुधाचं पातेलं द्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मग तुमचा आवाज आला, वर्गात कधी ऐकला नाही इतका मऊ.

"मावशी, ते दह्यातलं मोहरीचं तुम्ही कसं करता हो?"

"त्यात काय हाय बाई एवढं?" आई म्हणाली. "दही टांगायचं, साय घालायची. मोहरी मातुर फेसायला पायजे. आणा की पाटा, दावते."

आणि तुम्ही पाटा आणलात. मी झाडाआडून वरवंट्याचा आवाज ऐकत उभी आहे. आई मोठ्यानं सांगतेय, "असं न्हवं, असं. एका अंगानं. नाकात गेली का? आता बघा, आता आली!" तुम्ही शिंकलात. दोघी हसलात. आठवड्यापूर्वी तुम्ही जी वाटी बाजूला सारली होतीत ती आता तुमच्या ओट्यावर माझ्या आईच्या हातानं भरत होती. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तुमची मुलगी हेच घेऊन आली होती. निघताना तुम्ही आईला भेट दिलीत, व्हिनेगरची अर्धी बाटली. "परदेशी आहे, जपून वापरा." आईनं जपूनच वापरली. दोन वर्षं तिनं त्यानं तांब्याची घागर घासली, आणि घागर लखलखायची हे मी मान्य करते.

बस थांब्यावर मी आईवर चिडले. "तू सांगितलंस कशाला?"

"इचारलं की त्यांनी. इचारल्यावर न्हाई सांगायचं व्हय?"

"त्यांनी मला त्याच्यावरच नापास केलंय, आई!"

आईनं रिकामी किटली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "मग चांगलंच झालं की. आता त्यास्नी कळलं असंल, पोरगी काय घिऊन आलती." तिला खरंच वाटत होतं की ऑक्टोबरात तुम्ही मला बोलावून घ्याल आणि मार्क वाढवाल. माणसांबद्दल इतकं चांगलं बोलायची तिची सवय मला आजवर जमली नाही, आणि तुमच्या बाबतीत तर ती मी मुद्दाम लावून घेतली नाही.

पुढचं गावाला ठाऊक आहे. तुम्ही घरी उन्हाळी वर्ग काढलेत. राजारामपुरीतल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या बायका वही-पेन घेऊन येऊ लागल्या आणि देशी ड्रेसिंगसाठी तुमचं नाव झालं. माझ्याच वर्तमानपत्रात तुमची मुलाखत आली तेव्हा मी तिथं नुकती लागले होते. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडं होतं. 'ही कल्पना कशी सुचली?' या प्रश्नाला तुमचं उत्तर होतं, 'प्रयोगातून.' मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि पान सोडलं. आता त्या भागात शिकवण्यांच्या पाट्यांखाली दर दोन दुकानांआड सॅलडचं दुकान आहे, पोरं प्लास्टिकच्या पुड्या दातांनी फाडून पांढरं काहीतरी पानांवर पिळतात. त्याची चव, बाई, तुमच्या डब्यातल्या दुधासारखी आहे. शेवटी तुमच्या मूळ शिकवणीचाच विजय झाला म्हणायचा.

प्रस्तावना लिहायची म्हणून आज सकाळी मी चौऱ्याऐंशीवं पान ओट्यावर उघडून ठेवलं आणि जसं लिहिलंय तसं केलं. उद्देश सरळ होता. तुमची चूक सापडली असती तर ती मी पहिल्याच परिच्छेदात टाकली असती. साहित्य आईचंच, क्रम आईचाच, 'नाकात जाईपर्यंत' हे तिचे शब्दसुद्धा तुम्ही अवतरणचिन्ह न लावता घेतलेत. एकच ओळ तिची नव्हती. 'मीठ अगदी वाढायच्या वेळी घालावे. आधी घालून ठेवल्यास प्रवासात पाणी सुटते.'

प्रवासात. कुणाचा प्रवास, बाई? तुमच्या ओट्यावरून तुमच्या जेवणाच्या टेबलापर्यंतचा? आईनं आयुष्यात मीठ कधी घालावं याचा विचार केला नाही, कारण तिचं केलेलं दहा मिनिटांत संपायचं. ही ओळ ज्या डब्यावरून आली तो एकच असू शकतो. तो मी पहाटे मीठ घालून, झाकण घट्ट लावून, मार्चच्या उन्हात गडमुडशिंगीहून बसनं आणला होता.

कारण तुमचं वाक्य पूर्ण असं होतं : "पाणी सुटलंय. ही कोशिंबीर झाली." मी आजवर ते कितीजणांना सांगितलं याला मोजदाद नाही. बहिणींना, नवऱ्याला, कचेरीत नव्यानं आलेल्या प्रत्येक वार्ताहर मुलीला. दर वेळी 'ही कोशिंबीर झाली'पासून, पाणी सुटल्याचं गाळून. याच मुलींना मी अवतरण अर्धं कापलं म्हणून बातमी परत लिहायला लावली आहे. चमचा तुम्ही उचललात तेव्हा त्यातून निवळी ठिबकत होती, चक्का तळाशी बसला होता, वर तेलाचे डोळे आले होते. तुमच्या जागी मी असते तर मीही पास केलं नसतं. लग्नाचं आणि दूधवालीचं मात्र बोलले नसते. आणि आठ दिवसांनी त्याच मुलीच्या आईला पाटा आणून दिला नसता. एवढा फरक मी आपल्या दोघींत ठेवते आणि तो सोडायची माझी तयारी नाही.

प्रस्तावना लिहून झाली आहे. दोन पानांत बसते. त्यात माझी आई आहे, किटली आहे, पाटा आहे, तुमचा मागचा दरवाजा आहे. सोमवारी दुपारी बारापर्यंत ती द्यायची आहे. सूनबाई ती लगेच वाचतील आणि फोन करतील. आवाज पडलेला असेल. "ताई, तेवढा भाग जरा सौम्य केला तर?" असं विचारतील. मी नाही म्हणेन. छापखाना थांबणार नाही आणि दुसरं कुणी इतक्या घाईत लिहून देणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून बहुतेक आहे तसंच छापलं जाईल. हे पत्र मात्र त्यात नाही, ते कुठंच जाणार नाही. त्या प्रस्तावनेत मी तुमचं वाक्य पुन्हा अर्धंच घातलं आहे. सोमवारला अजून दोन दिवस आहेत. ते वाक्य मी पूर्ण करीन असं मला वाटत नाही.