उतारावर लावलेली गाडी

आबा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि आज बोलायचंय ते गाडीविषयी. तुमची ती म्हातारी विलायती गाडी, शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडला वडाप करायची, शिटं कोंबून. हँडल मारून दंड भरून यायचे, म्हणून तुम्ही ती कायम उतारावर लावायचात, नुसती सोडली की घरंगळत चालू व्हायची. लग्नाला गेलो तरी मांडव एकीकडे आणि आपली गाडी भलत्याच टेकाडावर. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चौऱ्याहत्तर साल असेल. धाकट्याच्या वेळी आईला रक्त जायला लागलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसलेय आणि भीमेच्या अलीकडे गाडी बंद पडते. शेतातली माणसं धावत येतात. "आरं बघता काय, लावा हात!" तुम्ही ओरडता. गाडी हलते, तुम्ही सेकंड टाकून क्लच सोडता, ती आचका देऊन खोकत चालू होते आणि मागून सगळे ओरडतात, "निघाली, निघाली!" आई वाचली. धाकटाही.

गेल्या महिन्यात त्याच रस्त्यानं, त्याच धाकट्याच्या गाडीतून आईला दौंडला नेत होतो. तिच्या छातीत कळा येत होत्या. बटणावर चालू होणारी, आत गारेगार, आवाज म्हणून नसलेली गाडी. मला केवढं कौतुक होतं तिचं! ती थांबली. समोर लाल अक्षरं आली, चाकं जाम झाली, धाकटा नुसता बटण दाबत राहिला. उसाच्या फडातली माणसं धावत आली, मागं हात टेकून उभी राहिली.

"ढकलू का, दादा?"

"नका. ही ढकलून चालू व्हत न्हाई."

"मंग आमी काय करावं?"

एवढे धडधाकट गडी, हात काढून बाजूला उभे राहिले. कंपनीचा माणूस फोनवर सांगत होता, गाडीला हात लावू नका, आमची गाडी निघालीय. आई डोळे मिटूनच, तुम्ही पुढं बसला असल्यासारखं म्हणाली, "ह्यास्नी सांगा, उतारावर लावायची व्हती." टेम्पो थांबवून तिला त्यात घेईपर्यंत ती गेली होती.

धाकटा स्वतःलाच बोल लावत बसतो. तुझ्या हातात काही नव्हतं, असं मी त्याला रोज समजावते. हे पत्र कुठं टाकणार, राहील माझ्याच कपाटात. पण त्याला न सांगितलेलं तुम्हाला सांगते. धाकटा टेम्पो अडवायला पुढं धावला, तेव्हा मांडीवरचं आईचं डोकं उशीवर टेकवून मी खाली उतरले, मागं गेले, आणि ती गाडी एकटीच ढकलत राहिले.