रवानगी

सोमवार, ८ जानेवारी

ठरलं. हिशेब विभागातून मला उचललं आणि नव्या सिस्टीमवर बसवलं. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, पगार — कंपनीत जे जे चालतं ते सगळं आता एकाच सॉफ्टवेअरमध्ये जाणार. कारखाना, ऑफिस आणि सगळे डेपोसुद्धा. खोकी बनवतो आम्ही. पुठ्ठा आत येतो, खोकी बाहेर जातात. "एवढ्याशा कामाला एवढा मोठा हत्ती कशाला बांधायचा दारात," असं खरेदीवाले पुटपुटले. मोठ्या साहेबांनी ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. म्हणाले, "पंधरा एप्रिलला चालू म्हणजे चालू."

सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांचा माणूस आलाय. कडक इस्त्रीचा. दर तिसऱ्या वाक्याला "सगळं सुरळीत होईल" म्हणतो. दुपारच्या चहापर्यंत त्याचं नाव 'सुरळीत' पडलं होतं.

त्याने सांगायचं आणि मी ते आमच्या माणसांच्या गळी उतरवायचं. म्हणजे पगार त्याला, शिव्या मला.

मीटिंगला नवराही होता. रवानगी विभाग त्याच्याकडे आहे — कुठला माल कुठल्या गाडीत, कुठली गाडी कुठे, सगळं तोच बघतो. तासभर एक शब्द बोलला नाही. घरी येताना म्हणाला, "म्हणजे आता घरीही तू साहेब, ऑफिसातही तू साहेब." मी हसले. हा नाही हसला.

शुक्रवार, १९ जानेवारी

आठवडाभर नुसत्या नावांवरून भांडणं. सिस्टीमला प्रत्येक वस्तूचं एकच नाव लागतं. आमच्याकडे खरेदीत जो 'जाड तपकिरी' तो स्टोअरमध्ये 'तीन-पदरी', आणि विक्रीवाले त्याला गिऱ्हाइकाच्या नावाने हाक मारतात. स्टोअरकीपर म्हणाला, "इतकी वर्षं याच नावाने सापडतंय ना?" विक्रीवाला म्हणाला, "तुम्हाला सापडतंय, आम्हाला मिळत नाही." सुरळीत मधे पडला आणि दोघेही त्याच्यावर घसरले. तेवढ्यापुरती एकी झाली.

डोकं भणभणतंय. पण खोटं का लिहू, मजाही येतेय. कंपनी अशी आतून कधी बघितली नव्हती.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

ट्रेनिंग सुरू. पहिला मान रवानगीचा. नवरा आलाच नाही. त्याने आपली मदतनीस पाठवली. ही पोरगी दिवसभर गोदामात इकडून तिकडे पळत असते म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. हुशार आहे. एकदा दाखवलं की पुरे.

घरी विचारलं तर म्हणे, "ती शिकली म्हणजे मी शिकलो."

"असं नसतं. गाडी सोडायची मंजुरी प्रमुखानेच द्यायची आहे. तुझं लॉगिन, तुझा पासवर्ड."

"बघू."

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आजही आला नाही. पगार विभागातल्या बाई हसत हसत म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार." सगळ्यांसमोर.

मंगळवार, १२ मार्च

आज तालीम होती. प्रत्येक प्रमुखाने पडद्यासमोर बसून स्वतःच्या हाताने एक काम पुरं करून दाखवायचं. मोठे साहेब मागे उभे. सगळ्यांचं अडखळत का होईना झालं. नवरा बसला. माऊस हातात घेतला. नाक पडद्याला लागेल इतका पुढे वाकला, मग मागे सरला, मान वाकडी केली. आणि कारखान्यातली गाडी कारखान्यातच पाठवून मोकळा झाला. लोक हसले. तोही हसला — "पेट्रोल वाचवलं," म्हणाला.

मला असा संताप आला. महिनाभर मी याच्यासाठी बोलणी खातेय. तिथल्या तिथे म्हणाले, "जरा लक्ष देऊन केलं असतं तर पोरखेळ झाला नसता." त्याने माझ्याकडे बघितलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या कानाकडे. मला वाटलं, नजर चुकवतोय.

रात्री जेवताना लेकीने विचारलं, "तुम्ही भांडलात का?" दोघेही एकदम "नाही" म्हणालो.

रविवार, १७ मार्च

सगळे झोपल्यावर लिहितेय.

दुपारी खिडकीत उजेडाला बसून हा शर्टाचं बटण लावत होता. मी दारातून बघत होते. सुईत दोरा ओवला नव्हता. रिकामी सुई खाली-वर, खाली-वर चालली होती. मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

समोर जाऊन बसले. म्हटलं, "माझ्याकडे बघ. काय दिसतं?"

म्हणाला, "हे काय आता?"

"सांग."

त्याने सुई शर्टाला टोचून ठेवली. मग — "तुझे केस. कान. खांदे."

"आणि चेहरा?"

"मधे धूर आहे."

गेल्या पावसाळ्यापासून. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरला एकटाच दाखवून आला होता. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील, औषध नाही. कागद असला की तो कोपऱ्यात नेऊन, तिरका धरून वाचता येतो, किंवा खारूताई बोलल्यासारखं करून वाचून दाखवते. तिला सांगितलंय. मला नाही. "स्क्रीन तिरकी धरता येत नाही," म्हणाला. "आणि ती सगळ्यांसमोर असते."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, "तू सिस्टीममध्ये घातलं असतंस." विनोद होता. मला रडू फुटलं आणि हाच मला धीर देत बसला.

कोणाला सांगू नको म्हणतो. कळलं की काढतील. लेकीचं कॉलेज आता कुठे सुरू झालंय. मी कबूल केलं.

मंगळवारी त्याला काय बोलले ते सारखं कानात वाजतंय.

बुधवार, ३ एप्रिल

सुरळीतला गाठलं. नाव न घेता विचारलं — मंजुरीचा अधिकार प्रमुखाने मदतनिसाला देण्याची सोय करता येईल का? अक्षरं मोठी करता येतील? पडदा वाचून दाखवणारं काही जोडता येईल? खरं तर हे सगळं होतं, मला माहीत आहे, मी पुस्तिका वाचल्यात.

म्हणाला, "होतं सगळं. पण साहेबांनी अधिकारांचा आराखडा मंजूर केलाय. आता एका माणसासाठी उघडला तर तारीख जाते. दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

"दुसरा टप्पा कधी?"

"ते अजून ठरलेलं नाही."

मग मोठ्या साहेबांकडे गेले. रवानगीसाठी फक्त महिनाभर द्या म्हटलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "तारीख सोडून काहीही मागा."

सोमवार, १५ एप्रिल

चालू झालं. चालू कसलं — कारखाना बंद पडायचाच बाकी होता. दहा वाजता सिस्टीम म्हणाली, स्टोअरमध्ये पुठ्ठाच नाही. पुठ्ठ्याचे ढीग छताला टेकलेले. उत्पादनवाले ढिगाला टेकून उभे, कारण कागदोपत्री ढीग नव्हता. चलनं छापली जाईनात. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत गाड्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकले आणि मग गाड्यांच्या सावलीत झोपले.

एकटा रवानगी विभाग तेवढा शांत होता. हा अंगणात उभा राहून आवाजावर कामं करत होता — इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखतो, चालण्यावरून माणूस. आणि आत खारूताई याच्या पासवर्डने मंजुऱ्या देत होती. ते आमचं तिघांचं ठरलं होतं. योजना माझीच.

सुरळीतने संध्याकाळी पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा करून सांगितलं, पहिल्या दिवसाच्या मानाने सुरळीत.

शुक्रवार, २६ एप्रिल

बसतंय हळूहळू. लोकांनी शिव्या कमी केल्या, म्हणजे शिकले. मोठे साहेब रोज सकाळी सगळ्या डेपोंचा माल एका पडद्यावर बघतात आणि खूश असतात. रवानगीत एकही चूक नाही. मला म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनी शेवटी मनावर घेतलं."

"हो," म्हटलं.

गुरुवार, ९ मे

रजा काढून याला मोठ्या इस्पितळात नेलं. नवीन डॉक्टरीण बाई, समजावून सांगणाऱ्या. पण सांगितलं तेच. वाचणं वर्षभरात पूर्ण जाईल. हा शांतपणे ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "भूक लागलीय." दोघांनी बाकावर बसून पाव खाल्ला.

तिथेच फोन आला. औषधवाल्या गिऱ्हाइकाची खोकी साबणवाल्याकडे गेली आणि साबणवाल्याची औषधवाल्याकडे. औषधवाल्यांचं पॅकिंग दिवसभर बंद. गिऱ्हाईक तुटल्यात जमा.

शुक्रवार, १० मे

चौकशी. फार वेळ लागला नाही. सिस्टीम कोणी, किती वाजता, कुठल्या कॉम्प्युटरवरून केलं ते सगळं नोंदवते. मीच ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाला अभिमानाने सांगितलं होतं की आता कोणी कोणावर ढकलू शकणार नाही. मंजुरी याच्या नावाची, कॉम्प्युटर खारूताईचा, आणि हा त्या वेळी रजेवर.

तिला आत बोलावलं. गर्दीत शेजारच्या ओळीवर बोट पडलं, एवढंच ती म्हणाली. साहेबाचा पासवर्ड कसा मिळाला? गप्प. त्यांनी दिला? गप्प. चोरलास? तेव्हा मान हलवली. हो म्हणून.

मी त्याच खोलीत होते. मला बोलता आलं असतं.

तिला दुपारी फाटकाबाहेर काढलं. डबा टेबलावरच राहिला.

शनिवार, ११ मे

दिवसभर घरात वाद. आवाज न चढवता, लेक घरात आहे म्हणून.

हा म्हणतो, सोमवारी जाऊन सांगतो. मी म्हटलं, थोडं थांब. तिला दुसरीकडे नोकरी मिळेल, तरुण आहे, हुशार आहे. तुला कोण देईल? मी असंही म्हटलं की तिने स्वतःहून कबूल केलंय, आपण कुठे तिचं नाव घेतलं?

हा ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू बोलतेस ते सगळं बरोबर आहे. म्हणूनच भीती वाटते."

रागाने स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी परत घासली.

सोमवार, १३ मे

सांगितलं त्याने. मी बरोबर गेले. नको म्हणाला होता, तरी गेले, आणि पासवर्डची योजना माझी होती हेही सांगून टाकलं. मोठे साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले. मग त्याला म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं."

हा म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर आधी काढलं असतं."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. माणूस वाईट नाही. याला खुर्चीपर्यंत हात धरून नेलं, पाणी मागवलं. पण नाही म्हटलं नाही.

खारूताईला परत घेतात. याला महिनाअखेर मोकळं करतात. मला ताकीद; काम तसंच पुढे, कारण सिस्टीम दुसऱ्या कोणाला येत नाही.

संध्याकाळी मलाच याचं लॉगिन बंद करावं लागलं. नाव निवडायचं, 'निष्क्रिय' वर बोट ठेवायचं. सिस्टीमने विचारलं, खात्री आहे का?

रविवार, १९ मे

खारूताई घरी आली. याची जागा तिला दिलीय. दारातच उभी राहून म्हणाली, "साहेब, मी नाही म्हणून सांगू का?" हा म्हणाला, "वेडी आहेस का? बस. चहा घे." मग तासभर तिला समजावत होता — कुठला ड्रायव्हर कसा, कुणाला घाई करायची नाही, पावसात कुठली गाडी आधी भरायची. ती लिहून घ्यायला लागली तर म्हणाला, "लिहू नकोस. ऐक."

ती गेल्यावर लेक त्याच्याजवळ जाऊन बसली. तिला आता सगळं सांगितलंय. म्हणाली, "बाबा, माझं तोंड दिसतं?" हा म्हणाला, "आवाजावरून कळतंय, रडतेयस."

बुधवार, ५ जून

हा घरी आहे. सकाळी मला दारापर्यंत सोडायला येतो. संध्याकाळी येते तेव्हा तिथेच असतो. मधला दिवस काय करतो विचारलं तर म्हणतो, "सगळं सुरळीत."

सोमवार, २४ जून

कंपनी विकली. आज सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. व्यवहार जानेवारीच्याही आधीपासून चालला होता. घेणाऱ्यांना सगळा माल आणि सगळे हिशेब एका पडद्यावर बघायचे होते, म्हणून ती तारीख. त्यांची स्वतःची वेगळी सिस्टीम आहे. आपली सप्टेंबरमध्ये बंद.

नवी बसवायचं कामही सुरळीतकडेच आलंय. जिन्यात भेटला. म्हणाला, "शिकवायला तुम्हीच हव्यात. याल ना?"

घरात आता माझा एकटीचाच पगार आहे. हो म्हणाले.