गुळाचा खडा आणि दुसरी खेप

प्रिय आत्याबाई,

आत्ताच तुमच्या धाकट्या सुनेशी, मार्थाशी भांडून आले, म्हणून लिहायला बसले. गेले होते माफी मागायला! लढाई संपली तरी साखर अजून रेशनवरच, पण तुमच्या रीतीप्रमाणे राहात्याच्या बाजारचा गुळाचा खडा नेला होता. तो तसाच परत आणलाय.

झालं काय, गेल्या रविवारी पाळकसाहेब उपदेशात तुमच्याबद्दल म्हणाले, "आपल्या सगुणाबाई संतच होत्या." आणि मला फिस्सकन हसू आलं. भर चर्चमध्ये! मार्थाला वाटलं, सासू जाऊन चार महिने झाले नाहीत तोच ही थोरली जाऊ थट्टा करते. आठवडाभर अबोला. उद्या प्रभुभोजन, आणि मनात अढी ठेवून ती भाकर घ्यायची नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं.

पण खरं सांगा, हसू नको येऊ? मला विहिरीवरच्या सखूबाई आठवल्या. पोहऱ्यावरून तुम्ही त्यांना काय काय बोललात! शनिवारी गूळ घेऊन माफी मागायला गेलात, नि तिथं पुन्हा पोहऱ्यावरूनच जुंपली. तिसऱ्या खेपेला कुठं गूळ त्यांच्या हातात पडला. मी नवी नवरी, दारात उभी राहून हसत होते.

"हसतीस काय?" तुम्ही म्हणालात. "देवानं मला आपली पवित्र लेक म्हनलंय, फुकटात, मी काय बी न करता. आता तसं व्हायला येळ लागनारच की! आज ज्वारी पेरली की उद्या कनीस मागतीस व्हय?"

पुढं पुढं दोन खेपांत भागायला लागलं. मग एकीतच. आणि शेवटच्या शनिवारी तर अंथरुणावरून उठवत नव्हतं, तरी गूळ माझ्या हातावर ठेवलात! "पयल्या वर्साला भाकरी करपली म्हनून तुला लई टाकून बोलले. माफ कर, पोरी." अहो, मी ते केव्हाच विसरले होते! त्या दिवशी मला किती आनंद झाला, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

हेच मार्थाला सांगायला हवं होतं. मी मात्र "तुला काय कळतंय?" इथूनच सुरुवात केली. शोभते ना तुमची सून?

बरं, निघते आता. गूळ पदराला बांधलाय. दिवेलागणीच्या आत तो मार्थाच्या हातावर ठेवते आणि हे सगळं तिला सांगते. तिसरी खेप पडली, तरी जाईन.

तुमची, अजून पिकायची राहिलेली सून,
रूथ