चित्र आहे, आवाज नाही

३ मार्च, सोमवार

आली! पेनड्राइव्ह आली! लेकीच्या परदेशातल्या ऑफिसातली कोणी बाई इकडे आपल्या माणसांना भेटायला आली होती, ती देऊन गेली. चहासुद्धा घेतला नाही. बोटाच्या पेराएवढी काडी, आणि तिच्यात म्हणे माझी अख्खी नात!

पिटुकली पावणेतीन वर्षांची झाली आणि अजून मी तिचं बोलणं ऐकलेलं नाही. बाळ असतानाचं रडणं ऐकलं, तेवढंच. फोनवर दे म्हटलं की लेक म्हणते, झोपली. नाहीतर लाजते. नाहीतर खेळायला गेली. कधी बघावं तेव्हा पोरगी एकतर झोपलेली नाहीतर गायब! माझा फोन बटणांचा, त्यात तोंड दिसत नाही. म्हणून मीच हात धुऊन मागे लागले होते — हलणारी चित्रं पाठव, बोलणारी पाठव, तिला एकदा 'आजी' म्हणायला लाव, मग मी मरायला मोकळी.

टीव्हीच्या मागे हात घालून भोक शोधलं. ते सापडेपर्यंत कोळिष्टकंच जास्त हाताला लागली. काडी खोचली, ह्यांना हाक मारली. हे अर्ध्या दाढीचे, गालाला फेस तसाच, धावत आले. दोघं खुर्च्या ओढून बसलो.

टीव्हीवर काळी पाटी. तिच्यावर इंग्रजीत एक ओळ. पुढे काही नाही!

"छान आहे," हे म्हणाले.

"काय छान आहे? काहीच नाहीये!"

"काय?"

ह्यांचं हे असं. कानाचं मशीन थोरल्याने आणून दिलंय, ते कपाटात. म्हणे शिट्टी मारतं. म्हटलं, ह्या वयात तुम्हाला बघून कोणी शिट्टी मारतंय, घालून घ्या हौसेने! तेही ऐकू आलं नाही.

४ मार्च, मंगळवार

थोरल्याला फोन लावला. आमचा मुलगा, दुसऱ्या गावी कॉम्प्युटरचीच नोकरी. घरचा वैद्य, पण नाडी कधी हाताशी यायची नाही.

"आई, टीव्हीला तो फॉरमॅट चालत नसेल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे फाइलचा प्रकार गं. तिचा फोन नवा, तुमचा टीव्ही जुना."

"अरे पण चित्र ना? चित्र म्हणजे चित्र."

"तसं नसतं आई. नवीन टीव्ही घेऊन टाका सरळ. ठेवतो, मीटिंग आहे."

त्याची मीटिंग म्हणजे मारुतीचं शेपूट. आणि टीव्ही कुठला जुना? हे निवृत्त झाले तेव्हा घेतलाय. आमच्या घरात सगळ्यात तरुण तोच!

६ मार्च, गुरुवार

मला इंग्रजी वाचता येत नाही. मराठीचीसुद्धा चौथीच झाली आहे. पण भरतकामाचा नमुना उतरवावा तशी ती टीव्हीवरची ओळ कागदावर उतरवून घेतली — गोल तिथे गोल, काठी तिथे काठी. सकाळ गेली त्यात. कागद घेऊन कोपऱ्यावरच्या रिपेरीवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात जिकडे तिकडे पोट फाडलेले फोन, आणि हा डोळ्याला भिंग लावून त्यात खुपसलेला. त्याने कागद सरळ धरला, उलटा धरला.

"मावशी, ही फाइल चालत नाही, असं लिहिलंय."

"ते मला न वाचताच कळलं होतं!"

तो हसला. मग समजावून सांगितलं. नवे फोन चित्राची घडी फार घट्ट घालतात, जागा कमी लागावी म्हणून. जुन्या टीव्हीला ती घडी उलगडायची रीत माहीत नाही. आवाजाची घडी वेगळी, चित्राची वेगळी, दोन्ही एकाच डब्यात. आणि डब्यावर नाव तेच असलं तरी आतला माल तोच असेल असं नाही.

हे मात्र मला बरोब्बर कळलं! मी औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात झाकणं बसवण्यात जन्म घालवलाय. बाहेरून बाटली हुबेहूब तीच, आणि झाकण फिरवायला जावं तर आटे वेगळे. मग बसा बोटं सोलत. आमची मुकादमीण म्हणायची, बाटलीला दोष देऊ नका, झाकणाला देऊ नका, दोघांची गाठ घालणाऱ्याला द्या. ती स्वतःच घालायची ही गाठ, पण तिला कोण सांगणार? तिची सून पुढे आमच्यातच कामाला लागली, तिची तर वेगळीच तऱ्हा — राहू दे. कुठून कुठे गेले!

रिपेरीवाला म्हणाला, बदलून देतो, शनिवारी या.

८ मार्च, शनिवार

दिसली! दिसली माझी बाय!

पण आडवी.

चित्र कुशीवर पडल्यासारखं. पिटुकली भिंतीवरून चालते, लेक छताला टेकून बसलेली. ह्यांनी उशी आणली आणि जमिनीवर आडवे झाले. "आता सरळ आहे," म्हणाले. मग काय, मीही शेजारी पडले. दूधवाला आला तर आम्ही दोघं टीव्हीपुढे पसरलेलो. घाबरला बिचारा!

केस कुरळे, माझ्यावर गेलेत. गाल ह्यांचे. ठोकळ्यावर ठोकळा रचते, पडला की टाळ्या पिटते. फ्रीजपाशी उभी राहून बोटांची गोल कडी करून दोन्ही डोळ्यांना लावते आणि खुदकन हसते. दुर्बीण खेळते! केवढी हुशार!

पण आवाज नाही. टीव्हीचा आवाज चढवून चढवून शेवटच्या रेघेपर्यंत नेला — नाही म्हणजे नाही. तोंड हललं की मी टीव्हीला कान लावायची. शेवटी टीव्हीच्या पाठीत एक धपाटा घातला. हे म्हणाले, "ऐकू येतंय की, छान बोलते!" ह्या माणसाला काय म्हणावं!

९ मार्च, रविवार

दुकान बंद. मान वाकडी झाली. आवाज नाही.

१० मार्च, सोमवार

लेकीला फोन लावला. उचलल्या उचलल्या तिनेच विचारलं, "आई, बघितलंस?" आवाज कसातरीच. मला वाटलं सर्दी झालीय.

म्हटलं, बघितलं गं बघितलं, डोळे निवले! पण मेला आवाजच येत नाही!

मला वाटलं फोन कटला. हॅलो हॅलो करत बसले.

मग म्हणाली, "फॉरमॅटचं असेल आई."

"दादाही तेच म्हणतो. तू आता नुसतं फोनवर बोलव तिला. एवढंसं 'आजी' म्हण म्हणावं."

"झोपलीय."

"आत्ता? तिकडे तर दुपार असेल."

"आई, दारावर कोणीतरी आलंय." ठेवलाच फोन.

ह्यांना सांगितलं, तर म्हणतात तिला कामं असतात. सगळ्यांना कामं आहेत! रिकामटेकडी काय ती मी एकटी.

दुपारी परत दुकानात. चित्र उभं करून घेतलं आणि आवाजासाठी त्याचं डोकं खाल्लं. म्हणाला, तुमच्या टीव्हीला आवाजाची ही घडी उलगडत नसेल, तिचीही दुसरी घालून देतो.

१२ मार्च, बुधवार

आता आवाज आला आणि चित्र गेलं! एकाला झाकायला जावं तर दुसरं उघडं पडतं. मेल्याने ह्या वेळी फक्त आवाज बदलला आणि चित्र आपलं मूळचंच ठेवलं. तीच काळी पाटी.

तरी पाटीपुढे बसून सगळं ऐकलं. डोळे मिटले. चमचा वाटीवर वाजतो. खुर्ची सरकते. कसलंतरी भांडं पडतं, कुत्रं भुंकतं. लेक हसते, किती दिवसांनी तिचं हसणं ऐकलं! ठोकळे धडाधड पडतात, टाळ्या वाजतात. सगळं सगळं ऐकू येतं, खालून रस्त्यावरून गाडी गेलेलीसुद्धा.

पिटुकलीचं बोलणं तेवढं नाही!

म्हणजे झालं काय, माझ्या लक्षात आलं. घडी मोडून नवी घालताना बारीक आवाज सांडला असणार. पीठ चाळताना बारीक ते खाली जातं आणि जाडंभरडं चाळणीत राहतं, तसंच. कुत्र्याचा ठेवला, गाडीचा ठेवला, आणि माझ्या नातीचा गाळला! उद्या बघते त्याच्याकडे.

१३ मार्च, गुरुवार

भांडायलाच गेले होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी सोडलं नाही. म्हटलं, काम येत नसेल तर पाटी उतरवा, माणसाच्या नातीचा आवाज काय भंगार आहे वाटेल तसा टाकायला?

"मावशी, आवाजातला एकच आवाज नाही हो गाळता येत."

"मग गेला कुठे?"

"थांबा. मूळ फाइल दाखवतो. हात न लावलेली."

गिऱ्हाइकांना थांबवलं, मला त्याच्या स्टुलावर बसवलं, कॉम्प्युटर लावला आणि माझ्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले. पहिल्यांदाच चित्र आणि आवाज एकदम!

पिटुकली पाठमोरी बसून ठोकळे रचते. लेक मागे ओट्यापाशी. तिच्या हातून स्टीलचं पातेलं सुटलं — एवढा आवाज झाला की मीच स्टुलावरून उडाले. कुत्रं ताडकन उठून पळालं. लेक "आई गं!" म्हणाली.

पिटुकलीने मान वळवली नाही. तिसरा ठोकळा दुसऱ्यावर ठेवला. नीट, कड जुळवून.

मी रिपेरीवाल्याला म्हटलं, परत लाव. त्याने लावलं. पातेलं परत पडलं. कुत्रं परत पळालं.

तिसऱ्यांदा लाव म्हटलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, फोनचे स्क्रू डबीत भरत होता. हळूच म्हणाला, "मावशी, फाइल चांगली आहे."

घरी कुठल्या रस्त्याने आले आठवत नाही. छत्री त्याच्याकडेच राहिली.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीला फोन केला. म्हटलं, पातेलं पडलेलं ऐकलं मी.

ती रडायला लागली. मी पण. बराच वेळ दोघींचं नुसतं तेच, पैसे जात होते फोनचे.

मागच्या वर्षीच कळलंय त्यांना. तपासण्या, मशीनं, सगळं झालं. जन्मापासूनच नाही तिला ऐकू येत. आणि मला कोणी सांगितलं नाही! थोरल्यालाही माहीत नाही. म्हणते, "तू इतकी खूश असायचीस गं फोनवर. 'आजी म्हणायला लाव, आजी म्हणायला लाव.' कसं सांगू? म्हणून ती काडी पाठवली. वाटलं, तू बघशील, तुझं तुलाच कळेल. मला तोंडाने सांगावं लागणार नाही. आणि तू म्हणालीस आवाजच येत नाही. मला सुटल्यासारखं झालं आई."

संतापले मी! म्हटलं, मी काय काचेची आहे? जन्मभर बहिऱ्या माणसाशी संसार करतेय, एक नात जड होती का मला? आणि इकडे मी त्या मुक्या टीव्हीला धपाटे घातले, त्या गरीब माणसाच्या दुकानात तमाशा केला!

त्यावर रडता रडता हसली. म्हणाली, "आई, ती गप्प नाहीये हं. हातांनी बोलते. आम्ही तिघंही शिकतोय. इतकी बडबडी आहे, हात थांबतच नाहीत. तुझ्यावर गेलीय."

ह्यांना सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं, शेजारपाजारी सगळ्यांना कळलं. ह्यांनी कपाटातून मशीन काढलं, हातात धरून बसले, परत ठेवून दिलं.

जेवण गेलं नाही मला. एकदा तरी 'आजी' ऐकायचं होतं. एकदाच.

१६ मार्च, रविवार

रिपेरीवाला काल स्वतः घरी आला, छत्री दिली, टीव्हीवर चित्र-आवाज दोन्ही नीट करून गेला. चहा प्यायला. ह्यांनी आज सकाळपासून लावलंय, तेही आवाज बंद करून. म्हणे, तिला ऐकू येत नाही, मला येत नाही, तुझ्या एकटीसाठी कशाला?

मग हाक मारली. "हे बघ, काय करतेय!"

"दुर्बीण," मी म्हटलं.

"दुर्बीण कसली! फ्रीजवर बघ. तुझा फोटो आहे. आधी फोटोला बोट लावते, मग डोळ्यांना कडी. अगं, चष्मा आहे तो. तुझा!"

सगळी चित्रं परत लावली. सगळ्यांत आहे. आडव्यातही होतं. पोरगी पहिल्यापासून मला हाक मारतेय!