बत्तीस बाइटांत गाव

३ नोव्हेंबर, सोमवार
आज माझ्यावर घोर अन्याय झाला. इतिहासानं नोंद घ्यावी— शेंद्र्याच्या आमच्या एलईडी बोर्डांच्या कारखान्यात चहाचा कप लहान झाला! त्यावर कळस म्हणून नवा कंपायलर, म्हणजे माझा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. जुना गप्प बसायचा. हा ओळीओळीला वॉर्निंग देतो. 'मजकूर मोठा, जागा लहान, कापला जाऊ शकतो.' माझ्या सी भाषेतल्या कोडला आजवर सासूसुद्धा असं बोलली नव्हती.

४ नोव्हेंबर
मालक नानासाहेब कन्नडच्या थांब्याला बसच्या वेळा दाखवणारा एलईडी बोर्ड दान करतायत. रविवारी उद्घाटन. "मॅडम, वॉर्निंग-बिर्निंग नाय पाहिजे. नायतर तुमची खुर्ची रिकामी!"
मी वॉर्निंगच बंद करून टाकल्या. स्क्रीन कशी स्वच्छ.

५ नोव्हेंबर
टेस्टिंगचा याह्या आला. "मॅडम, गावाचं नाव लावून बघितलं. आधा गायब है."
बोर्डावर— छत्रपती संभ.
नावाला मी मेमरीत बत्तीस बाइट जागा ठेवलेली. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन खातं. औरंगाबाद ऐसपैस बसायचं. शहराचं नाव वाढलं, माझी जागा तेवढीच!
"असा लावला तर कन्नडहून पळत यावं लागंल," याह्या म्हणाला. मी त्याच्यावरच ओरडले— तुला कुणी सांगितलं होतं बघायला?

७ नोव्हेंबर
जागा वाढवली की बोर्ड सुरूच होत नाही. चिपची मेमरी संपते. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. या वयात मला कोण घेणार? मुलाखत घ्यायला लेकीच्या वर्गातलं पोरगं बसलेलं असेल.

८ नोव्हेंबर
मेमरी कोण खातंय ते सापडलं. शुभेच्छुक! 'शिक्षणमहर्षी, उद्योगभूषण, गोरगरिबांचे कैवारी, भावी आमदार मा. नानासाहेब'— तेही फोटोसकट.
विचारलं, दोन पदव्या काढू का?
"गाव काढा की! गाडी कुठं चालली, लोकांना ठाव हाय."

९ नोव्हेंबर, रविवार
बोर्ड लागला. वॉर्निंग चालू ठेवूनही एक नाही. छत्रपती संभाजीनगर— अक्षर न् अक्षर. शुभेच्छुकाचा मात्र पत्ता नाही. टाळ्या चालू असताना नानासाहेब मान वर करून स्वतःला शोधत होते.

१० नोव्हेंबर
नोकरी गेली.
लॅपटॉप परत देण्याआधी कोडमधल्या गावाच्या नावाच्या ओळीच्या डोक्यावर टीप टाकली— 'हा दोष याह्यानं पकडला.' एवढं देणं राहिलं होतं.